नारळ कोणाच्या हाती

येत्या गुरुवारी आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीची बैठक आहे. विषयपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला 'प्रशिक्षकांबाबत निर्णय' एवढेच लिहिलेले आहे. पण त्याचा अर्थ बैठकीला येणाऱ्या अकराही जणांना ठाऊक आहे. संघ सलग सात सामने हरला आहे. आठवा बरोबरीत सुटला, तोही शेवटच्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याचा फटका गोलखांबाला लागून बाहेर गेला म्हणून. क्रिकेटवर जीव असलेल्या बडोद्यात एका लहानशा फुटबॉल क्लबला नेमाने वर्गणी देणारी माणसे मोजकीच आहेत आणि त्यांतल्या दोघांनी 'आधी कोच बदला, मग वर्गणीचे बघू' असा निरोप पाठवला आहे. मी या क्लबचा एकोणीस वर्षे खजिनदार आहे. प्रशिक्षकाला दूर करण्याच्या ठरावावर मी यापूर्वी एकदा सही केलेली आहे. त्या सहीविषयी मला आज काय वाटते, हे बैठकीला जाण्यापूर्वी एकदा नीट लिहून काढावे असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

२०११ च्या सुरुवातीला आमचे जे प्रशिक्षक होते, त्यांना क्लबमध्ये सगळे नुसते 'सर' म्हणत असत. रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी रेल्वेच्या संघातून खेळलेले आणि दांडियाबाजारात दोन खोल्यांत राहणारे हे गृहस्थ रोज दुपारी साडेचारला सायकलच्या कॅरिअरवर चेंडूंची जाळी बांधून प्रतापनगरच्या बाजूच्या आमच्या मैदानावर येत. रेषा आखण्यासाठी माणूस लावण्याइतकी क्लबची ऐपत होती, तरी ते काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. तेलाच्या रिकाम्या डब्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडून त्यात फक्की भरायची, डबा गुडघ्याच्या उंचीवर धरायचा आणि दुसऱ्या हाताने त्यावर हलक्या थापा मारत उलटे चालत जायचे, अशी त्यांची पद्धत होती. पेनल्टीच्या पेटीचा कोपरा इतका काटकोनात येई, की नव्याने आलेले पालक दोरी कुठे बांधली आहे असे विचारत. मुलांशी ते गुजरातीत बोलत, कारण आमच्या संघातील मराठी घरांतली मुलेही मैदानावर उतरली की एकमेकांना गुजरातीतच हाका मारतात. सामना हरल्यानंतर त्यांचे एकच वाक्य असे, "हारी गया तो शुं थयुं, काले पाछा आवजो." म्हणजे हरलो तर काय झाले, उद्या पुन्हा या.

त्या हंगामात संघ ओळीने सहा सामने हरला. का हरला, हे मला नंतर उमगले असे मी म्हणणार नाही, कारण ते मला तेव्हाच माहीत होते. आमच्या गोलरक्षकाचा तळहात उत्तरायणाच्या दिवशी मांजाने करंगळीपासून मनगटापर्यंत चिरला गेला होता आणि त्याला घातलेल्या टाक्यांचे बिल मीच क्लबच्या पैशांतून चुकते केले होते. मधल्या फळीचा सगळा भार वाहणारा मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला होता. आणखी तिघे बारावीला होते आणि त्यांच्या घरच्यांनी परीक्षा संपेपर्यंत मैदान बंद केले होते. सरांच्या हाती जो संघ उरला होता, त्यात पंधरा-सोळा वर्षांची मुलेच जास्त होती आणि ती मिशा फुटलेल्या, नोकरी करणाऱ्या खेळाडूंच्या संघांशी खेळत होती.

कार्यकारिणीची बैठक चाळीस मिनिटे चालली. 'संघात जोम राहिलेला नाही', 'सरांचे वय झाले', 'आता नव्या दमाचा माणूस हवा' ही वाक्ये मला आजही त्याच क्रमाने आठवतात. गोलरक्षकाच्या हाताचा विषय कोणी काढला नाही, आणि ज्याने तो काढायला हवा होता तो मी, टाक्यांच्या बिलाची पावती लावलेली फाईल मांडीवर घेऊन गप्प बसून राहिलो. ठरावावर माझी सही चौथी आहे.

नोकरीवरून काढण्याला मराठीत हातात नारळ देणे म्हणतात, आणि आम्ही तो खरोखरच दिला. सरांचा मान राहावा म्हणून एका शनिवारी संध्याकाळी छोटासा समारंभ केला, शाल पांघरली, श्रीफळ दिले आणि त्यांच्या सेवेविषयी दोघांनी भाषणे केली. दुसऱ्या दिवशी साडेचारला सर नेहमीप्रमाणे मैदानावर आले. गोलखांबामागच्या दगडावर त्यांनी तो नारळ फोडला, खिशातल्या लहान चाकूने खोबरे सोडवले आणि एकेक तुकडा प्रत्येक मुलाच्या हातावर ठेवला. मग बुटाच्या काळ्या नाडीत ओवलेली शिट्टी गळ्यातून काढून त्यांनी नव्या प्रशिक्षकांच्या हातात दिली आणि सायकलवर बसून ते निघाले. मुले त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली ती बराच वेळ परत आली नाहीत.

नव्या प्रशिक्षकांच्या पहिल्या चार सामन्यांपैकी तीन आम्ही जिंकलो. आपण वेळीच निर्णय घेतला, असे आम्ही एकमेकांना सांगितले. वास्तविक तोपर्यंत गोलरक्षकाचा हात बरा झाला होता आणि बारावीची परीक्षा संपली होती. ताप उतरण्याच्या बेतात असताना जो वैद्य दारात येतो, त्याच्या हाताला गुण आहे असे घरातले सगळे मानतात. आधीच्या सात रात्री उशाशी बसून ज्याने काढे पाजले, त्याचे नाव निघत नाही. पुढच्या दीड वर्षात आम्ही आणखी दोन प्रशिक्षक बदलले, संघ होता त्यापेक्षा खाली गेला आणि चौदा वर्षांखालील मुलांचा गट एक वर्ष बंद ठेवावा लागला.

या हातगुणाच्या समजुतीचा कोणी नीट शोध घेतला आहे का, हे मी पुढे बरेच वाचत राहिलो, आणि तो घेतलेला आहे असे दिसले. नेदरलँड्समधील अर्थशास्त्रज्ञ बास टर वील यांनी तिथल्या फुटबॉलच्या सर्वोच्च विभागातील १९८६ ते २००४ या काळातल्या प्रशिक्षकबदलांचा अभ्यास केला. प्रशिक्षकाला काढण्यापूर्वी संघाची कामगिरी घसरलेली असते आणि काढल्यानंतर ती सुधारते, एवढे तर कोणालाही दिसते. टर वील यांनी त्यापुढे जाऊन असे संघ निवडले, की जे अगदी तसेच घसरले होते, पण ज्यांनी प्रशिक्षक बदलला नव्हता. तेही जवळपास तितकेच सावरले. घसरणीच्या अगदी तळाशी असताना माणूस बदलला, तर पुढची चढण त्याच्या नावावर जमा होते. न बदलला असता तरी ती चढण बहुधा आलीच असती. हे वाचले त्या रात्री मला पहिल्यांदा सरांच्या घरी जावेसे वाटले. ते तोपर्यंत मुलाकडे सुरतेला राहायला गेले होते.

माझा भाचा मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधील क्लबचा निस्सीम चाहता आहे. शनिवारी रात्री तो आमच्याकडे सामना पाहायला येतो आणि संघ हरला की टीव्ही बंद करण्याआधीच म्हणतो, "मामा, ह्यालाही आता काढायला हवं." मी त्याला अॅलेक्स फर्ग्युसन यांची गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना माझा आवाज चढतो, हे मला कळते. फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या क्लबचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, झाले. जवळजवळ तीन वर्षांनी, १९८९ च्या सप्टेंबरमध्ये, शहरातल्याच मँचेस्टर सिटीने त्यांच्या संघाला ५-१ असे हरवले. त्या हिवाळ्यात आपल्याच मैदानावर एका चाहत्याने, तीन वर्षे सबबी ऐकून झाल्या, आता निरोप घ्या, अशा अर्थाचा फलक उंचावला. ७ जानेवारी १९९० रोजी एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर हरले तर त्यांना नारळ मिळणार, असे अनेक वर्तमानपत्रे लिहीत होती. मार्क रॉबिन्स या तरुण खेळाडूच्या एका गोलने तो सामना जिंकला गेला, मे महिन्यात संघाने तो कप जिंकला, आणि तरीही लीगमध्ये त्या वर्षी युनायटेड तेराव्या स्थानावर होते. पहिले लीग विजेतेपद १९९३ मध्ये आले आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी तेरा विजेतेपदे झाली.

"मामा, प्रत्येक जण फर्ग्युसन नसतो," असे भाचा म्हणतो, आणि त्याचे म्हणणे खरे आहे. धीर धरला म्हणून नावारूपाला आलेल्याची कथा सगळ्यांना पाठ असते. धीर धरूनही खालच्या विभागात गेलेल्या क्लबांची कथा कोणी सांगत नाही. म्हणून फर्ग्युसन यांच्या पुढच्या तेरा विजेतेपदांचा आधार मी आता घेत नाही. मला त्या गोष्टीत मोलाचे वाटते ते १९८९ मधले. त्या वेळी ती विजेतेपदे कोणाला दिसत नव्हती. पण क्लबच्या अध्यक्षांना, मार्टिन एडवर्ड्स यांना, एक गोष्ट दिसत होती. फर्ग्युसन यांनी शाळकरी मुले हेरण्याची आणि घडवण्याची सगळी व्यवस्था नव्याने उभारली होती. त्या व्यवस्थेतून आलेल्या मुलांनी १९९२ मध्ये एफए युथ कप जिंकला आणि त्यांत बेकहॅम, गिग्ज, बट आणि गॅरी नेव्हिल होते. गुणतक्त्यात ज्याची नोंद होत नाही असे काम चालू आहे की नाही, हे पाहणारा एक तरी माणूस वरच्या खुर्चीत बसलेला होता. आमच्या चाळीस मिनिटांच्या बैठकीत असा माणूस नव्हता.

फर्ग्युसन गेल्यानंतर त्याच क्लबचे काय झाले, हे भाच्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. डेव्हिड मॉईस यांच्याशी सहा वर्षांचा करार झाला आणि दहा महिन्यांत, २०१४ च्या एप्रिलमध्ये, त्यांना काढले. लुई व्हॅन हाल यांनी २०१६ मध्ये एफए कप जिंकला आणि दोन दिवसांनी त्यांची गच्छंती जाहीर झाली. जोझे मोरिन्यो २०१८ च्या डिसेंबरमध्ये गेले. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावी लागलेली भरपाई १ कोटी ९६ लाख पाउंड होती. ओले गुन्नार सोल्शायर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. एरिक टेन हाग यांना २०२४ च्या जुलैमध्ये करार वाढवून दिला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये नारळ दिला. या पाचांपैकी प्रत्येकाची खेळाची कल्पना वेगळी होती आणि प्रत्येकासाठी वेगळ्या धाटणीचे खेळाडू विकत घेतले गेले. एकाने मागवलेले खेळाडू दुसऱ्याला नकोसे होते आणि तिसऱ्याच्या वेळी ते बाकावर बसून पूर्ण पगार घेत होते. इंग्लंडमधील क्लबांचे ताळेबंद वर्षानुवर्षे तपासणारे अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी दाखवले आहे, की दीर्घकाळाचा विचार केला तर क्लबचे लीगमधील स्थान हे बहुतांशी तो खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करतो यावर ठरते. खजिनदार म्हणून मला हे पटायला वेळ लागला नाही. पण युनायटेडच्या बाबतीत मला जास्त बोचते ते असे, की पगारावर एवढा खर्च करूनही २०२४-२५ च्या हंगामात ते पंधरावे आले. पैसा होता, माणसेही बदलून पाहिली होती. ती नेमणारे हात मात्र बराच काळ तेच होते.

इंग्लंडमधल्याच बर्नलीचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते, कारण तो लहान गावाचा, बेताच्या पैशांचा क्लब आहे. शॉन डाइच २०१२ मध्ये तिथे मॅनेजर झाले, २०१४ मध्ये त्यांनी संघाला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात, नेले आणि पुढच्याच वर्षी संघ पुन्हा खाली गेला. बहुतेक क्लब अशा वेळी माणूस बदलतात. बर्नलीने बदलला नाही. २०१६ मध्ये संघ खालच्या विभागाचा विजेता होऊन वर आला आणि २०१७-१८ मध्ये सातव्या स्थानी येऊन युरोपीय स्पर्धेला पात्र ठरला. पुढे क्लबची मालकी बदलली, संघ पुन्हा अडचणीत आला आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये, अवघे आठ सामने उरले असताना, साडेनऊ वर्षे राहिलेल्या डाइच यांना काढले. त्यानंतरच्या पहिल्या चार सामन्यांत संघाने दहा गुण मिळवले आणि निर्णय किती अचूक होता हे सगळे सांगू लागले. शेवटच्या चार सामन्यांत एक गुण मिळाला आणि शेवटच्या दिवशी बर्नली खाली गेले. ही आकडेवारी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तिका मिटून काही वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो, इतके ते आमच्या २०११ सारखे होते.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला मात्र यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नसावी, असे मला अलीकडे वाटते. मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत राज्याची घडी विस्कटली, इंग्रज रेसिडेंटाच्या तक्रारी वाढल्या, आणि १८७४ मध्ये साक्षात दादाभाई नौरोजींकडे दिवाणगिरी आली. त्यांच्या सचोटीविषयी किंवा बुद्धीविषयी तेव्हाही कोणाला शंका नव्हती. तरीही वर्षभरातच त्यांना पद सोडावे लागले, कारण गादीवर बसणारे तेच होते, दरबारातील माणसे तीच होती आणि रेसिडेंटाशी असलेले वैरही तेच होते. १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केल्यावर सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले. हे कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले गृहस्थ. त्यापूर्वी त्यांनी त्रावणकोर आणि इंदूर अशा दोन संस्थानांचा कारभार पाहिलेला होता. नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आणलेले सयाजीराव तेव्हा बारा वर्षांचे होते, त्यामुळे माधवरावांना सुमारे सात वर्षे जवळपास विनाहस्तक्षेप काम करता आले. न्यायालये, शिक्षण, जमाखर्च, सगळ्याची शिस्त त्या वर्षांत बसली. आज आपण ज्या सयाजीबागेत फिरायला जातो तीही १८७९ ची. पुढे सयाजीरावांनी व्ही. टी. कृष्णम्माचारी यांना १९२७ मध्ये दिवाण नेमले आणि ते महाराजांच्या मृत्यूनंतरही, १९४४ पर्यंत, त्या पदावर राहिले. दादाभाई माधवरावांहून कमी कर्तबगार होते, असे कोणी म्हणणार नाही. एकाला काम करू दिले गेले आणि दुसऱ्याला दिले गेले नाही. शाळेत हा इतिहास आम्ही शिकलो होतो, राजवाड्यासमोरून रोज जात होतो, आणि तरी सरांच्या ठरावावर सही करताना तो आमच्यापैकी कोणालाही आठवला नाही.

याचा अर्थ प्रशिक्षकाला कधीच काढू नये असे माझे म्हणणे आहे का, हा प्रश्न भाचा मला विचारतो आणि गुरुवारी इतरही विचारतील. चेल्सीने २०१२ च्या मार्चमध्ये आंद्रे व्हिलास-बोआस यांना काढून त्यांचेच सहायक रोबेर्तो दी मात्तेओ यांच्याकडे संघ दिला आणि मे महिन्यात तो संघ युरोपचा विजेता झाला. २०२१ च्या जानेवारीत फ्रँक लॅम्पार्ड यांना काढून थॉमस टुखेल यांना आणले आणि चार महिन्यांत पुन्हा तोच चषक मिळाला. लेस्टरने क्लाउडिओ रानिएरी यांना लीग जिंकून दिल्यानंतर नऊ महिन्यांत, २०१७ च्या फेब्रुवारीत, काढले. माणुसकीच्या दृष्टीने तो निर्णय मला आजही क्रूर वाटतो. एन्गोलो कान्ते यांच्यासारखा मधल्या फळीचा आधार २०१६ च्या उन्हाळ्यात चेल्सीला विकला गेला होता, हे तर सगळ्यांना माहीत होते. पण कान्ते परत आलेले नसतानाही क्रेग शेक्सपियर यांच्या हाताखाली तोच संघ लीगचे पहिले पाच सामने ओळीने जिंकला आणि बाराव्या स्थानी आला, ही गोष्ट मला डावलता येत नाही. ते सगळे नुसते ताप उतरण्याच्या वेळेचे नव्हते. ते खेळाडू रानिएरींचे ऐकेनासे झाले होते, असेच मानावे लागते.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाकडे पाहताना सामन्याचा निकाल बाजूला ठेवायचा आणि सरावाला जायचे. मुले वेळेवर येतात का, आल्यावर प्रशिक्षकाच्या तोंडाकडे पाहतात का, चुकलेल्या मुलाला तो काय सांगतो आणि तो मुलगा पुढच्या वेळी तसे करून पाहतो का, एवढेच पाहायचे. जिथे हे तुटलेले आहे तिथे संघ जिंकत असला तरी माणूस बदलण्याचा विचार करावा, आणि जिथे हे शाबूत आहे तिथे तक्त्यात शेवटचे असलो तरी त्याला हात लावू नये. मुंबई एफसी या क्लबला खालिद जमील यांनी २०१६ पर्यंत सुमारे सात वर्षे बेताच्या पैशांत आय-लीग या भारतीय क्लबांच्या स्पर्धेत टिकवून धरले होते. संघ कधी वर गेला नाही, पण खालीही गेला नाही. पुढच्या हंगामात जमील तिथे नव्हते. मुंबई एफसी शेवटचे येऊन बाहेर पडले आणि जमील यांनी त्याच हंगामात आयझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तळाशी न जाणे हेही कोणीतरी रोज मैदानावर उभे राहून केलेले काम असते, हे त्या क्लबला ते गेल्यावर दिसले असेल.

आमचे आताचे प्रशिक्षक चौतिशीचे आहेत. सरांसारखा गोडवा त्यांच्यात नाही. पालकांशी ते तुटक बोलतात, वर्गणीदार मैदानावर आले तर उठून उभे राहत नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्यावरचा निम्मा राग त्याचाच आहे. या वेळी मी ठरावाची वाट न पाहता तीन संध्याकाळी सरावाला जाऊन बसलो. पहिल्या दिवशी तेवीस मुले आली, दुसऱ्या दिवशी पंचवीस. तिसऱ्या दिवशी तीनपासून पाऊस होता आणि गोलखांबापुढे घोट्यापर्यंत पाणी साचले होते; तरी एकोणीस आली आणि त्यांतली सहा साडेचारच्या आधी येऊन बादल्यांनी पाणी उपसत होती. डाव्या बगलेवर खेळणारा एक बारीक मुलगा चेंडू उजव्या पायावर घेण्याच्या सवयीने पुन्हा पुन्हा अडत होता. प्रशिक्षकांनी खेळ थांबवला नाही, ओरडले नाहीत. त्याच्या शेजारी जाऊन चिखलात स्वतः आठ-दहा वेळा तो चेंडू डाव्या पायावर घेऊन दाखवला आणि मग काही न बोलता बाजूला झाले. अंधार पडेपर्यंत त्या मुलाने उजवा पाय वापरला नाही. तीन संध्याकाळी जर नऊच मुले आली असती, तर मी गुरुवारी ठरावाच्या बाजूने सही केली असती, हेही इथे लिहून ठेवतो.

सर गेले तेव्हा सामान ताब्यात घेताना चेंडू, जाळी, फक्कीचा डबा यांच्याबरोबर एक चाळीस पानी वही माझ्याकडे आली होती. ती हजेरीची वही आहे हे मला माहीत होते, पण सात-आठ वर्षे मी ती उघडली नव्हती. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो किती वाजता आला, हे बारीक अक्षरात लिहिलेले आहे. २०११ च्या फेब्रुवारीची दोन पाने मी आता पुष्कळदा वाचली आहेत. चौथा सामना हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चोवीस मुले आली होती, पाचव्यानंतर सव्वीस, सहाव्यानंतर सव्वीस. हाताला टाके असलेल्या गोलरक्षकाचे नावही रोज आहे आणि त्याच्यापुढे 'फक्त पाहायला' अशी नोंद आहे. काल सकाळी मी रावपुऱ्यात जाऊन त्या दोन पानांच्या अकरा प्रती काढून आणल्या, प्रत्येक विषयपत्रिकेला एक प्रत टाचणीने लावली आणि टाक्यांच्या बिलाची पावती, जी त्याच जुन्या फाईलमध्ये अजून आहे, तिचीही प्रत सोबत जोडली.